‘दळण’ नावाने सेव्ह केलेली मावशी

दारात उभी राहून ती रिकामा डबा पुढे करायची. तांदळाचा, स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला. “या” नाही, “बसा” नाही, नुसता डबा जरासा हलवायची. आपण फोन काढून आत ठेवायचा, मग ती दारातून बाजूला व्हायची. सगळे आले की झाकण लावायची, डबा जुन्या गोधडीत गुंडाळायची आणि गॅलरीच्या टोकाला नळापाशी नेऊन ठेवायची. तिथे कोणी ना कोणी भांडी घासत असायचंच. त्यामुळे डब्याची राखण व्हायची, आणि आतल्या फोनांना ऐकायला फक्त भांडी.

पहिल्या सभेला मी फोन डब्यात टाकला आणि ऐटीत तिच्या पलंगाच्या कडेवर जाऊन बसलो. बोलणं रंगात आलं आणि माझ्या दुसऱ्या खिशातून भजन वाजू लागलं. तो फोन बायकोचा होता, सकाळी चुकून माझ्या खिशात आलेला. बंद करायच्या घाईत मी स्पीकर चालू केला आणि सगळ्या सभेने माझ्या मेहुणीच्या पित्ताची हकिगत ऐकली. मावशी शांतपणे उठली, नळापाशी गेली, डबा घेऊन आली आणि झाकण उघडून माझ्यासमोर धरला.

“सेक्रेटरी,” ती म्हणाली, “अजून काय काय आहे खिशात?”

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिला सगळे मावशी म्हणतात आणि ती नक्की कोणाची मावशी हे कोणालाच ठाऊक नसतं. लालबागच्या आमच्या चाळीत ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. मालवणी तिच्या तोंडून फक्त रागात यायची. फोर्टातल्या एका कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. बाहेरून आलेला फोन साहेबाला जोडून द्यायचा, साहेबाचा बाहेर जोडून द्यायचा, नोकरीभर हेच. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. अक्षर बरं म्हणून निवृत्तीनंतर चाळीचा फळा माझ्याकडे आला, आणि फळा आला म्हणून रहिवाशांच्या समितीचं सेक्रेटरीपद. यापलीकडे माझी काही लायकी नाही, हे मावशीने लगेच ओळखलं होतं.

चाळ पाडून टॉवर होणार होता. त्याला आमचा विरोध नव्हता. सकाळी बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभं राहायची कोणाला हौस नसते. पण बिल्डरने पाठवलेल्या करारात खोल्या रिकाम्या करायची तारीख होती आणि नव्या घरात परत यायची नव्हती. बहुतेकांनी न वाचताच सही करून टाकली. सगळ्यात आधी मी. माझं अक्षर चांगलं ना. मावशीने चष्मा लावून करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, “जायची तारीख आहे, यायची नाही.”

तिने सही केली नाही. मग हळूहळू, सह्या केलेलीच काही बिऱ्हाडं गुपचूप तिच्याकडे येऊ लागली. सरकारी अधिकाऱ्यापुढे सुनावणी व्हायची होती. तिथे या सगळ्यांनी एकदम उभं राहायचं, सही मागे घेतो म्हणून सांगायचं आणि तारीख लिहून मागायची, असं ठरलं. मात्र ती नावं त्याआधी फुटायला नकोत. कारण बिल्डरची माणसं ओरडत नसत, दम देत नसत. ती घरी येऊन चहा पीत. एकाच्या मुलाला नोकरी, एकीच्या नवऱ्याच्या ऑपरेशनची सोय, एखाद्याला नुसतंच “एकटे पडाल हो काका.” एकेकटा माणूस अशा चहाला टिकत नाही. सगळे एकदम उभे राहिले तर टिकणार होते. तोवर हे पोटात ठेवायचं, एवढंच मावशीचं काम होतं, आणि ते तिने एखाद्याने गरम तेलाची कढई उचलून न्यावी तसं केलं.

दादरला कुठल्याशा संस्थेने चळवळीतल्या लोकांसाठी फोन सांभाळून कसा वापरायचा याचं शिबिर घेतलं होतं. ती तिथे जाऊन आली. तरण्या पोरापोरींमध्ये ही एकटीच पांढऱ्या केसांची. तिथून आणलेलं सगळं ज्ञान तिने एका प्रश्नात बसवलं, “हे कोणाला कळायला हवंय?” ग्रुपवर काही टाकायच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारायचा. उत्तर ‘सगळ्यांना’ असेल तर फळ्यावर लिहायचं. उत्तर ‘एकाला’ असेल तर जिना चढून त्याला सांगायचं. मधलं जे उरेल तेवढं ग्रुपवर. मी हा नियम तोंडपाठ केला आणि दुसऱ्याच दिवशी सभेचा फोटो काढला. सभा संपून लोक डब्यातले फोन घेत होते, सगळे चेहरे छान प्रकाशात आलेले. खाली ‘एकजुटीचा विजय असो’ लिहून, हात जोडून, अख्ख्या चाळीच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. तिथे बिल्डरची दोन माणसंही होती. मावशी तीन मजले उतरून आली. मी तेव्हा जेवत होतो.

“पुस मेल्या आदी तां,” ती म्हणाली. “मगे जेव.”

पुसला. नशीब असं की तेव्हा क्रिकेटचा सामना रंगात होता, कोणी बघितला नव्हता. त्यानंतर तिने आमच्या छोट्या ग्रुपचं नाव ‘साबुदाणा’ ठेवलं, त्यावरचा मजकूर आठवड्याने आपोआप नाहीसा होईल असं करून ठेवलं, आणि तिच्याबरोबर मलाही ॲडमिन केलं. मी हरखलो. कांबळे वहिनींनी, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खंद्या कार्यकर्तीने, तिला कारण विचारलं. मावशी म्हणाली, “ह्याच्या हातून जे जे होईल ते ते दुसऱ्या कोणाच्याही हातून होऊ शकतं. ह्याला जमलं की सगळ्यांना जमलं.”

एकमेकांची खरी नावं फोनात ठेवायची नाहीत, हाही तिचाच हुकूम. फोन कोणाच्या हाती पडला तर आपल्याबरोबर दुसरा उघडा पडायला नको. कांबळे वहिनींनी तिला ‘शिवण’ म्हणून ठेवलं, तळमजल्यावरच्या एकाने ‘दातांचा डॉक्टर’. मी ‘दळण’ ठेवलं. कल्पना झकास होती, फक्त आमच्या चक्कीवाल्याचा नंबर माझ्याकडे आधीपासून ‘दळण’ याच नावाने होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एका संध्याकाळी मी कळवलं, ‘पहिल्या मजल्यावरचे आपल्यात यायला तयार आहेत, पण जरा घाबरलेत.’ उत्तर आलं, ‘जाडं की बारीक?’

मी हे तिला सांगायला गेलो तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. चक्कीवर गेली, उभ्या उभ्या त्याच्याशी बोलून आली, आणि येताना खरंच ज्वारीचं पीठ घेऊन आली. काय बोलली ते तिने कधी सांगितलं नाही. चक्कीवाल्याने पुढे मला पाहिलं की बोट ओठांवर ठेवायची सवय लावून घेतली, ती आजही आहे. आजूबाजूला गिऱ्हाइकं असली तरी ठेवतो. लोकांना वाटतं माझं काहीतरी भानगडीचं आहे.

फोनाला कुलूप नंबरचं लावायचं, बोटाचं नाही, यावर ती फार अडून बसायची. मला बोट सोयीचं वाटायचं. नंबर विसरतो माणूस, बोट कुठे विसरणार?

“झोपलेल्या माणसाचं बोट त्याचं नसतं, सेक्रेटरी,” ती म्हणाली.

मी नंबर लावला आणि तिसऱ्या दिवशी विसरलो. दुकानदाराने फोन पुसून कोरा करून दिला. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. घरात दोन वेळचं जेवण मिळत राहिलं, एवढंच. बोलणं मिळालं नाही.

एकदा मी तिला विचारलं की ही एवढी धास्ती कशापायी. आपण काय देशाची गुपितं सांभाळतोय? ती नळापाशी डबा पुसत होती.

“मध्ये कोणीतरी बसलेलं असतंच,” ती म्हणाली. “मी बसले होते.”

मग सांगितलं. कंपनीत कोणाकोणाला कमी करायचं हे साहेब एका दुपारी फोनवर ठरवत होते आणि लाइन तिच्या कानाशी होती. त्यातला एकजण तिला रोज चहा आणून द्यायचा. त्या दिवशीही त्याने आणला. ती प्यायली. त्याला काही सांगितलं नाही, सांगायचं नसतं. आठवड्याने त्याच्या हातात पत्र पडलं. एवढं बोलून तिने डबा उन्हात उपडा घातला आणि मला म्हणाली, फळ्यावर पाण्याची वेळ चुकीची लिहिली आहेस, ती आधी बदल.

कांबळे वहिनींचा फोन दादरच्या फुलबाजारात चोरीला गेला, ती गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. वहिनी रडकुंडीला येऊन चाळीत शिरल्या. मी त्यांना पाणी दिलं, धीर दिला, पोलिसात कुठे जायचं ते सांगितलं. मावशीने यातलं काहीही केलं नाही. तिने सगळ्यात आधी आपला फोन काढला आणि वहिनींना ग्रुपमधून काढून टाकलं. त्यांच्यासमोर. वहिनींचा चेहरा पडला. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलेली बाई, आणि विचारपूससुद्धा न करता बाहेर.

मी मावशीला म्हणालो, थोडं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? वहिनींना काय वाटलं असेल?

“माणसाला काढत नाही, फोनला काढतो,” ती म्हणाली. “फोन हातातून गेला की त्याच घटकेला काढायचा. कोणाचाही असो. माझा गेला तर मलाही काढायचं. तू काढायचंस, सेक्रेटरी. विचारायला येऊ नकोस.”

मग ती आत गेली, पोहे केले, आणि वहिनींच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर खाल्ले. नवा फोन आला त्या दिवशी वहिनी परत ग्रुपमध्ये होत्या.

सुनावणी जवळ आली आणि मावशी जिन्यात पडली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. आम्ही तिला परळच्या इस्पितळात नेलं. तिचा भाचा मंगेश भांडुपहून धावत आला. रक्ताचं नातं त्याचं, म्हणून नर्सने तिचा चष्मा, बांगड्या आणि फोन त्याच्या हातात दिला. हा मंगेश त्या बिल्डरकडेच साइटवर सुपरवायझर होता. हे मावशीनेच आम्हाला सांगून ठेवलेलं. पोरगा वाईट नव्हता. आत्यासाठी त्याने रजा काढली, औषधांसाठी वर-खाली केलं, बाकड्यावर बसून राहिला.

त्याच संध्याकाळी भेटीच्या वेळेला मी पुन्हा गेलो. पडदा अर्धा सरकवलेला होता. मंगेश तिच्या पलंगाशी वाकून तिचा हात हातात धरून होता. मी थांबलो, म्हटलं असू दे, घरचं माणूस आहे. मग दिसलं की त्याच्या दुसऱ्या हातात तिचा फोन आहे आणि तो तिचा अंगठा त्यावर टेकवतोय. सलाइनची नळी ताणली जाऊ नये म्हणून जपून, हळू. एकदा टेकवला. अंगठा आपल्या शर्टाला पुसला. पुन्हा टेकवला.

त्याने वर पाहिलं. दचकला नाही.

“काका, आत्याच्या जुन्या डॉक्टरचा नंबर हवा होता,” तो म्हणाला. “कोड माहितीये तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

कदाचित त्याला डॉक्टरचाच नंबर हवा असेल. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझं काही ठरत नाही. त्या वेळी मला राग आला नाही, भीती वाटली नाही. तुम्ही म्हणाल माणूस असा कसा. मला फक्त सलाइनच्या बाटलीतले थेंब दिसत होते आणि ते फार सावकाश पडत होते. मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली, बाहेर आलो, जिन्याच्या वळणावर उभा राहिलो आणि ‘साबुदाणा’ उघडला. नावांच्या यादीत ‘दळण’ होतं. त्यावर बोट दाबून धरलं. फोनाने विचारलं, काढून टाकायचं का. मी हो म्हणालो. मला वाटत होतं की काहीतरी जास्त विचारेल.

ग्रुपवर लगेच कोणीतरी लिहिलं, ‘सर, हे काय?’ सगळ्यांना वाटलं असणार की मी पुन्हा घोळ घातला. तेवढ्यात कांबळे वहिनींनी लिहिलं, ‘फोनला काढलंय.’

मावशी शुद्धीवर आली ती थोडीच. तोंडाची एक बाजू हलत नव्हती. मंगेश चहाला खाली गेला होता. मी तिला चाळीची खबर दिली, फळा रोज लिहितोय म्हणालो, सुनावणीला सगळे येणार आहेत म्हणालो. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग तिचा चांगला हात चादरीवर काहीतरी चाचपू लागला.

“मंगेशकडे आहे,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

“काढलंस?”

“हो.”

“माका?”

“तुला. त्याच दिवशी.”

तिने डोळे मिटले. “बरा केलंस,” म्हणाली. मालवणीत, आणि रागवलेली नव्हती.

आयुष्यात माझ्या हातून एवढं एकच काम वेळेवर आणि बरोबर झालं. कोणाला सांगायची सोय नाही. कोणी अभिनंदन केलं तर मी काय तोंड करू?

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी फळ्यापाशी खडू घेऊन उभा होतो आणि फोन वाजला. पडद्यावर ‘दळण’. चक्कीवाल्याचं नाव मी कधीच बदललं होतं, त्यामुळे घोटाळा व्हायचं कारण नव्हतं. मी फोन उचलून “हां, बोल मावशी” म्हणालो.

“काका, मंगेश बोलतोय,” तिकडून आवाज आला. “आत्या गेली.”

नातेवाइकांचे फोन येतील म्हणून त्याने तिचं सिम आपल्या फोनात घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला आम्ही सगळे गेलो. बिल्डरची माणसं पुढच्या खुर्च्यांवर निवांत बसली होती. अधिकाऱ्याने विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. पहिल्या उभ्या राहिल्या कांबळे वहिनी. मग पहिल्या मजल्यावरचे, ते घाबरलेले. मग एकेक करत सगळे. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं मागे वळून बघत होती, त्यांना हिशेब लागत नव्हता. मीही उभा राहिलो. सही मागे घेणाऱ्यांत सगळ्यात सुंदर सही माझी होती. पुढे करारात परत यायची तारीख लिहून आली. आम्ही ती फळ्यावर लिहिली, ती सगळ्यांना कळायला हवी होती.

नाक्यावर मावशीचा श्रद्धांजलीचा बॅनर लावायचं ठरलं तेव्हा फोटोची पंचाईत झाली. तिचा फोटो कोणाकडेच नव्हता, ती काढूच द्यायची नाही. तिच्या फोनात असतील नसतील ते मंगेशला उघडता आले नाहीत. शेवटी त्याने कोणाच्या तरी लग्नातल्या जुन्या फोटोतून ती कापून आणली, दोन वेण्या घातलेली, हसणारी, कॉलेजातली असावी. बॅनर आठवडाभर नाक्यावर होता. येणारे-जाणारे खाली थांबून विचारायचे, अरेरे, कोण हो ही मुलगी? तिला हे फार आवडलं असतं.

काम झालं की ग्रुप मोडून टाकायचा, हाही तिचाच नियम. मागे ठेवायचं नाही काही. कांबळे वहिनींनी परवा जिन्यात हटकलं, “सर, अजून मोडला नाहीत?” मी म्हणालो, मोडतो, आज संध्याकाळी. मावशीचा डबा वहिनींकडे आहे, त्यात त्या आता तांदूळ ठेवतात.

संध्याकाळी मी ‘साबुदाणा’ उघडला. आठवड्याने मजकूर नाहीसा होतो, तसा सगळ्यांचा झाला आहे. तिचाही. तिने पाठवलेलं एक अक्षर माझ्याकडे नाही. वर, मजकूर आपोआप जाईल अशी सूचना आहे. सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, ती फोनाने स्वतः लिहिलेली, म्हणून जात नाही.

‘तुम्ही दळण यांना काढून टाकले.’

मी ती वाचली आणि फोन बंद केला. उद्या मोडतो.